टाच न टेकवता

लोक हिमालयात जाऊन येतात आणि लिहितात. मी कोपरहून ठाण्याला गेले, तिथून खडवलीला, आणि घरी परतले. ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर हा सगळा प्रवास करंगळीखाली झाकला जाईल. तरी तो लिहून काढावासा वाटतो. ज्यांची टाच कधी दुखलेली नाही त्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही. आणि ज्यांची दुखली आहे त्यांनाही वाटेत मला जे भेटलं ते भेटलं असेल, असं वाटत नाही.

कोपर

आमचं घर कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, एका जुन्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. ‘आमचं’ म्हणायची सवय अजून गेलेली नाही. तिथे मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, अशा दोघी राहत होतो. लग्न दोघींनीही केलं नाही. अक्का प्राथमिक शाळेत शिकवायची, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. निवृत्त झाल्यावर तिने स्वयंपाकघर घेतलं आणि मी खिडकीजवळची खुर्ची घेतली. मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती जेवून आडवी झाली, ती पुन्हा उठली नाही.

अक्काची डावी टाच पुष्कळ वर्षं दुखत असे. सकाळी अंथरुणातून उठली की ती डावी टाच जमिनीला लावायचीच नाही. चवड्यावर भार देऊन, भिंतीला हात लावत, पॅसेजमधून ओट्यापर्यंत जायची. उजवा पाय लादीवर धप्पकन पडे आणि डावा नुसता घासत येई. चहाचं पाणी उकळेपर्यंत चाल सुधारायची, मग दिवसभर फारसं काही नसे. तो आवाज मी पडल्या पडल्या ऐकायची आणि पुन्हा डोळे मिटायची. घरात कोणीतरी आधी उठलेलं आहे, एवढंच त्या आवाजाचं माझ्या लेखी काम होतं.

ती गेल्यावर महिन्याभराने माझी डावी टाच दुखायला लागली. टाचेच्या तळाशी, जराशी आतल्या बाजूला. सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की तिथे खिळा रुतावा तसं होई, आणि मी भिंत धरी. थोडं चाललं की कमी होई. मी कोणाला सांगितलं नाही. घरात नुकतंच माणूस गेलेलं असताना टाचेची तक्रार करणं मला बरं दिसेना.

आमच्या बरोबर खाली बेबीवहिनी राहतात. ही इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. पूर्वी इथे भात आणि पलीकडे मिठागर होतं, असं त्या सांगतात. एक दिवस त्या दारात सुकट निवडत बसल्या होत्या. मला जिना उतरताना पाहून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“बाय, एक इचारू? रागवशील नको.”

“विचारा ना, वहिनी.”

“अक्का अजून येतं काय गो घरान?”

मी कठडा धरून थांबले.

“सकाली आयकू येतं मना,” त्या म्हणाल्या. “एक पाय वाजतो, एक घासत जातो. मोरीपासून ओट्यापावत. इतकी वरसं आयकलाय, वलखनार नाय काय? आमचा मालक म्हनतो, तुजे कान वाजतान. मी बोल्ले, कान माजे हान, चाल अक्काची हाय.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“भ्यायचा काय त्यान? चा ठेवायला येतं बिचारी.”

मी हसले आणि भाजी आणायला गेले. भाजीवाल्यापाशी उभी असताना माझ्या लक्षात आलं की बेबीवहिनींना ऐकू येत होती ती मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं पाऊल टाकलं ते कान देऊन. धप्प. मग घसट. पुन्हा धप्प. मी भिंतीला हात लावलेला होता, तोही तिच्याच उंचीवर. तिथला रंग तिच्या हातानं थोडा गुळगुळीत झालेला आहे. पॅसेज संपेपर्यंत अक्का घरात होती. ओट्याशी पोचेपर्यंत टाच मोकळी होत आली, चाल माझी झाली, आणि घर पुन्हा रिकामं झालं.

यापुढचं सांगायला मला थोडा वेळ लागतो आहे. मी ती दुखऱ्या पावलांची वेळ लांबवू लागले. उठल्यावर लगेच चालायची नाही, आणि चालायला लागले तर अगदी सावकाश. दुपारी खुर्चीत मुद्दाम खूप वेळ बसून राही, कारण बसून उठलं की टाच पुन्हा धरते, आणि तेवढी पाच-दहा पावलं पुन्हा तिची होतात. माझ्यापाशी तिची पातळं होती, चष्मा होता, फोटो होते. ते सगळे गप्प होते. आवाज एवढा एकच उरला होता, आणि तो माझ्या दुखण्यात होता. टाच बरी झाली असती तर तोही गेला असता.

घोडबंदर रोड

माझा चुलतभाऊ दत्तूदादा खडवलीला राहतो. अक्काचं सगळं त्यानेच केलं, कारण आम्हाला सख्खा भाऊ नाही. त्याची मुलगी मुग्धा घोडबंदर रोडला एका उंच टॉवरात राहते. रविवारी ती मला भेटायला आली. मी दार उघडून आत वळले, तेवढ्यात तिने पाहिलं.

“आत्या, तू लंगडतेयस.”

“नाही गं. बसून उठले ना, म्हणून.”

“सीरियसली? भिंत धरून चालतेयस आणि नाही म्हणतेस? चल, बॅग भर. आमच्या खाली मस्त फिजिओ आहे. दोन दिवस राहा, मग बाबांकडे सोडते. आई तशीही कधीपासून बोलावतेय तुला.”

मी पुष्कळ कारणं सांगितली. तिने ती सगळी ऐकून घेतली आणि माझी बॅग स्वतःच भरली.

माणकोलीच्या पुलावरून आम्ही गेलो. खाडी खाली पसरलेली होती, ओहोटीची, चिखलावर पांढरे बगळे. पूल ओलांडल्यावर मुग्धा म्हणाली, “बघ किती पटकन आलो,” आणि मग घोडबंदर रोडवर आम्ही इतका वेळ एका जागी उभे राहिलो की शेजारच्या गाडीतल्या बाईंचं फोनवरचं भांडण मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळलं.

मुग्धाच्या घरात सगळे पायांत चपला घालून वावरतात. स्वयंपाकाच्या बाई चपलांनिशी ओट्याशी उभ्या होत्या. दारात माझ्यासाठीही एक नवी मऊ जोडी ठेवलेली होती. आमच्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर राहते. अक्का तर पाहुण्यांच्या पायांकडे आधी बघायची आणि मग तोंडाकडे. मी ती जोडी हातात घेऊन आत गेले. मुग्धाचा नवरा म्हणाला, “आत्या, ती पायात घालायची असते हो,” आणि आम्ही सगळे हसलो.

फिजिओथेरपिस्ट मुलगी असेल तिशीची. तिने मला पालथं झोपवून पोटऱ्या दाबून पाहिल्या, मग टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा रोवला. मी ओरडले.

“हं. इथेच. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट ना, काकू?”

“हो.”

“रात्री झोपेत दुखतं? सूज, मुंग्या, ताप?”

“नाही.”

मग तिने तळव्याचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल काढलं आणि समजावून सांगितलं. जन्मभर पुस्तकांत काढल्यामुळे मला कोणी नीट समजावून सांगितलं की बरं वाटतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. धनुष्याला दोरी असते तसा तो पावलाची कमान ताणून धरतो. खूप वेळ कडक जमिनीवर उभं राहिलं, पोटरीचे स्नायू आखडलेले असले, की तो टाचेपाशी दुखावतो. रात्री पाऊल सैल पडतं, पट्टा आखडून बसतो. सकाळी एकदम सगळा भार आला की तो आखडलेला पट्टा हिसका बसून ताणला जातो. चालून चालून सैल झाला की दुखणं कमी. लोक म्हणतात टाचेचं हाड वाढलं. पण एक्स-रेमध्ये हाडाचा काटा दिसला तरी बहुतेकदा दुखणं त्याचं नसतं. तसा काटा कधीच न दुखलेल्या टाचांतही सापडतो.

“अलीकडे काही बदल झाला का? उभं राहणं वाढलं?”

मी विचार केला. “पूर्वी स्वयंपाक बहीण करायची. आता मी करते.”

“अनवाणी?”

“स्वयंपाकघरात चप्पल कशी घालणार?”

“तिलाही हाच त्रास होता?”

“हो. याच टाचेला.”

“बघा मग. बहिणी आहात, पावलाची ठेवण सारखी असू शकते. तीच लादी, तोच ओटा.” ती मॉडेल पुसून ठेवत म्हणाली, “यात घाबरण्यासारखं काही नाही, काकू.”

तिने उपाय सांगितले. उठायच्या आधी, पाय खाली सोडायच्याही आधी, टॉवेल चवड्याला अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. पाणी गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवायची. घरातही चप्पल घालायची. बुटांत ठेवायला टाचेसाठी सिलिकॉनच्या मऊ चकत्या दिल्या. धीर धरावा लागेल, काही महिनेही लागतील, पण बहुतेकांचं एवढ्यानेच बरं होतं. इंजेक्शनपर्यंत थोडेच जातात.

“म्हणजे जाईल?” मी विचारलं.

“जाणार हो! नक्की जाणार.” तिला वाटलं, मी न जाण्याला घाबरते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुग्धाच्या पाहुण्यांच्या खोलीत जागी झाले. इतक्या उंचावर वरून पावलांचा, खालून पाण्याचा, कसलाच आवाज येत नाही. काचेबाहेर येऊरचा डोंगर धुक्यात होता. शेजारी टॉवेल ठेवलेला होता. मुग्धा येऊन विचारणार हे माहीत होतं, म्हणून मी तो चवड्याला लावला आणि सांगितलं तसं ओढलं. मग पाऊल टाकलं. दुखलं, पण खिळा नव्हता. दाराशी पोचेपर्यंत तेवढंही राहिलं नाही. मी मागे वळून त्या गुळगुळीत जमिनीकडे पाहिलं. तिथे आज फक्त मी चालले होते.

फोन वाजला. बेबीवहिनी होत्या.

“कवा आलीस गो? दार का नाय उघडीत?”

“मी ठाण्यालाच आहे, वहिनी. मुग्धाकडे.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“वहिनी?”

“मंग आता कोन चालला वरती?”

“कधी?”

“आताच. नेमीसारखा. मोरीपासून ओट्यापावत. मना वाटला बाय आली ठान्याशी, घावन द्यावा. घेवन वर आले त दाराला कुलूप. बरा. तू ये सावकाश,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुग्धा ब्रश करत फोनमधलं सगळं ऐकत होती; बेबीवहिनींचा आवाज तसा मोठा आहे. “पाइप वाजत असतील गं. नाहीतर गच्चीवर कोणी. जुन्या स्लॅबमधून कुठलाही आवाज कुठूनही येतो.”

मी हो म्हणाले. आत्तापर्यंत त्या चालीला माझा पाय होता. आज माझा पाय इथे होता, ढगाएवढ्या उंचीवर, नव्या चपलेत. अंगावर काटा आला हे खरं. पण त्याच्या आधी, क्षणभर, मला वाटलं होतं की अक्का आली आणि नेमकी मी घरी नव्हते.

खडवली

मधल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. खडवलीला उतरलं की दुपारी स्टेशनबाहेर दोन-तीन रिक्षा आणि एक झोपलेलं कुत्रं असतं. मुंबईपासून गाडी इथवर येते, पण तिच्याबरोबर मुंबई येत नाही. दत्तूदादाने निवृत्तीनंतर इथे नदीच्या बाजूला छोटं घर बांधलं. मागे वालाचं शेत, पुढे सारवलेलं अंगण. वहाणा काढून मी अंगणात पाय ठेवला तेव्हा टाच काही बोललीच नाही. सारवलेली जमीन पायाला जागा देते, लादी देत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

त्याच्या बायकोने, विमलवहिनींनी, मिठाच्या पाण्यात वालाच्या शेंगा उकडल्या होत्या. आम्ही ओटीवर बसून त्या सोलून खाल्ल्या. मुग्धाकडे सकाळी ओट्सचे डोसे झाले होते. दत्तूदादाला ते सांगितल्यावर त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि आणखी शेंगा पुढे केल्या. तेवढ्यात त्याच्या कुत्र्याने माझ्या बुटातली सिलिकॉनची चकती ओढून काढली आणि अंगणाच्या कोपऱ्यात चावत बसला.

“राहू दे गं,” दत्तूदादा म्हणाला. “आता त्याची टाच या जन्मात दुखणार नाही.”

संध्याकाळी वहिनींनी चुलीत वीट तापवली. त्यांचा उपाय असा: तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवायचं, त्यावर फडकं, आणि त्यावर टाच टेकून शेकायची. पान तोडताना रुईचा चीक हाताला, विशेषतः डोळ्यांना लागू द्यायचा नाही. मी सांगितलं की फिजिओने बर्फ सांगितला आहे.

“तिला सांगा, एकदा चुलीपाशी बस,” वहिनी म्हणाल्या. “बर्फाने कधी कुणाचं बरं झालंय?”

वीट जरा जास्तच तापली होती. टाचेवर छोटा फोड आला, वहिनींनी त्याला खोबरेल लावलं आणि त्याबद्दल मुग्धाला काही सांगायचं नाही असं आमच्यात ठरलं. पण शेक सुखाचा होता. कोणीतरी आपला पाय मांडीवर घेऊन बसलं आहे, यातच अर्धं बरं वाटणं असावं. त्या सुखात मी वहिनींना बेबीवहिनींचं सांगून टाकलं. आधी माझ्या चालीचं, मग त्या सकाळच्या फोनचं.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझा पाय खाली ठेवला आणि दत्तूदादाकडे पाहिलं.

“सांगू का वन्संना?”

“काय सांगायचंय त्यात? उंदीर होता तो,” दादा म्हणाला.

“उंदराला पाच बोटं असतात का अशी?” वहिनी माझ्याकडे वळल्या. “वन्सं, बाराव्याच्या रात्री पीठ घातलं होतं ना, आठवतं?”

आठवत होतं. माणूस जिथे गेलं तिथे दिवा ठेवतात. त्याशेजारी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात, आणि सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलंय ते पाहतात: पक्ष्याचे पाय, मुंगीची रेघ, काहीही. त्यावरून गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते ठरवतात. मी त्या सकाळी बघायला गेले नव्हते. सगळं झालं का, एवढंच विचारलं होतं, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, झालं.

“टोपली मीच उचलली,” वहिनी म्हणाल्या. “जागची हललेली नव्हती. खाली पाऊल होतं. माणसाचं, डावं. पाच बोटं आणि चवडा, एवढंच. टाच नव्हती. मी पटकन पीठ गोळा केलं आणि ह्यांना सांगितलं, चिमणी उमटली म्हणून सांगा.”

“मी चिमणीच सांगितली सगळ्यांना,” दादा म्हणाला.

“टाच नव्हती म्हणजे काय, वहिनी?”

“मला काय कळतंय? पण घरात कोणी झोपलेलं असलं, की त्याला जाग येऊ नये म्हणून आपण असंच चालतो ना. चवड्यावर.” त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. “वन्सं, रागावू नका. तुम्ही ती टाच बरी करा. तुम्ही रोज तिच्यासारखं चालून दाखवत राहिलात, तर ती कशी निघेल? तिला वाटतं, अजून कुणी उठायचंय.”

आतापर्यंत मला वाटत होतं की टाच बरी केली तर मी काहीतरी घालवीन. ती बरी न केल्याने कोणाचं काही अडत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

सकाळी आम्ही तिघं नदीवर गेलो. भातसा या दिवसांत पात्रात मागे सरकलेली असते. कडेला काळे दगड आणि त्यांच्यामध्ये ओल्या मातीचे सपाट पट्टे. पाण्यावर वाफ होती. मी त्या दिवशी टॉवेलचा व्यायाम केला नव्हता, हे इथे लिहायला हवं. वहिनींचं ऐकूनही केला नव्हता. त्यात कालचा फोड, म्हणून नदीपर्यंत चालूनही टाच टेकवत नव्हते.

पाण्यापर्यंत जाऊन मी वळले, तर वहिनी मागे उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. त्या माझ्या पावलांकडे बघत होत्या. ओल्या मातीत उजवं पाऊल पुरतं उमटलेलं होतं आणि डाव्याची पाच बोटं आणि चवडा. टाच एकाही पावलाला नव्हती.

“हेच,” वहिनी म्हणाल्या. “अगदी हेच होतं.”

दत्तूदादाने खाली वाकून पाहिलं आणि मोठ्याने हसला. त्याला फार हलकं वाटलेलं दिसलं. “मग झालं की! हिचंच पाऊल. शोकात भ्रमल्यासारखी झाली होती, झोपेत टोपली उचलली असेल, पाय ठेवला असेल, पुन्हा घातली असेल. आणि तू बिचाऱ्या अक्काला बदनाम करत होतीस!”

“हो, असेल,” वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

बाराव्याला माझी टाच दुखत नव्हती. ती दुखू लागली तेव्हा अक्का जाऊन महिना झाला होता. हे मला माहीत होतं, आणि वहिनींच्या नजरेवरून त्यांनीही दिवस मोजलेले होते. दादा हसत होता, म्हणून आम्ही दोघी गप्प राहिलो. मग वहिनी पुढे आल्या, त्यांनी माझ्या डाव्या पावलांच्या मागच्या रिकाम्या जागा आपल्या टाचेने एकेक करून दाबून पुऱ्या केल्या, आणि आम्ही घरी न्याहारीला गेलो.

पुन्हा कोपर

परत आल्यावर पहिल्या सकाळी मी टॉवेल हातात घेऊन बराच वेळ बसले. पॅसेज समोर होता. मग टॉवेल चवड्याला लावला आणि ओढला. असं वाटलं की मी कोणाला तरी घराबाहेर ढकलते आहे. तरी रोज करत गेले. स्वयंपाकघरासाठी वेगळ्या चपला आणल्या, ज्या बाहेर जात नाहीत. अक्काशी मनातल्या मनात वाद घालून हा तह मी एकटीनेच केला. रुईचं पान जमेल तेव्हा, बाटली रोज दुपारी. टाच इंचाइंचाने सुटत होती. दोन दिवस बरे जात, तिसऱ्या दिवशी पुन्हा धरे, आणि धरली की मला लाज वाटावी इतका आनंद होई.

बेबीवहिनींना मी काही सांगितलं नव्हतं. जिन्यात भेटल्या की त्या आपणहून सांगत. “आज जरा कमी वाजला.” किंवा, “दोन दिस झाले, उशिरा येतं.” मी मान हलवी.

होळी होऊन गेली होती. सकाळी मी पलंगावर पाय लांब करून टॉवेल ओढत बसले होते, एवढ्यात दाराची बेल वाजली, लागोपाठ दोनदा. मी उठून गेले. टाच टेकली होती आणि काही झालं नव्हतं, हे मला दाराशी गेल्यावर कळलं. कडी आतून लावलेली होती. ती काढली. बाहेर बेबीवहिनी उभ्या होत्या, हातात झाकलेली ताटली, जिना भराभर चढल्यामुळे दमलेल्या.

“पावनी गेली काय गो?”

“कोण पाहुणी?”

“आता गेली ती. ओट्यापासून दारापावत. चांगली दोनी पाय टेकवीत, सावकाश. मना वाटला तुजी कोन पावनी निघाली, तिला भाकऱ्या द्याव्या वाटंला.”

“जिन्यात भेटलं कोणी?”

“मीच चढत होते ना. कोनी नाय उतरला.”

मी पॅसेजकडे पाहिलं. इतका वेळ मी तिथून दहा हातांवर जागी बसले होते, आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं. निरोपाचंसुद्धा नाही. बेबीवहिनींनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग कडीवर अजून तसाच असलेल्या माझ्या हाताकडे. कडी आतूनच होती, हे त्यांच्या ध्यानात येताना मला दिसलं. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या.

“दोनी पाय टेकवीत गेली गो,” त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी हळू. “मी आयकलाय.”

मला रडू आलं नाही. ते नंतर, दुपारी आलं. तेव्हा मी फक्त विचारलं, चहा घेणार का.

“ठेव.”

मी स्वयंपाकघराकडे निघाले. अर्ध्या पॅसेजमध्ये माझ्या लक्षात आलं की बेबीवहिनी मागे अगदी स्तब्ध बसल्या आहेत, कान देऊन. मी तशीच पुढे गेले.

“तुजी चाल मी कदी आयकलीच नवती,” त्या बाहेरून म्हणाल्या. “हलकी हाय.”

मी पाणी गॅसवर ठेवलं आणि ते उकळेपर्यंत ओट्याशी दोन्ही पायांवर उभी राहिले.